चॉकलेटी तार

कडूबाने ओला पंप काउंटरवर आपटला तेव्हा कौसर पडद्याआड बसून जळालेल्या मोटरीच्या खाचांतून तांब्याची तार उपटत होती. आवाज ऐकून तिचा हात थांबला. पक्कड तशीच तारेत अडकवून ती ऐकत राहिली.

"हे घ्या तुमचं काम," कडूबा म्हणाला. "नाव बुडाली."

"काय सांगता?" शकीलची खुर्ची मागे सरकली.

"सकाळी पायलं त मागचं बूड पाण्यात आन् समोरचं नाक वर. इंजन पाण्याखाली, बॅटरी पाण्याखाली. चार माणसं लावून काठावर ओढली. शंकरराव तठीच उभे हायेत. फोन लावून लावून थकले, तुमचा फोन बंद."

"चार्जिंगले व्हता."

"हा. तुमचा फोन चार्जिंगले आन् आमची नाव पाण्यात."

बुडालेली नाव म्हणजे मच्छीमार संस्थेची एकुलती एक फायबरची नाव. धरणाच्या पाण्याने जुना रस्ता गिळल्यापासून पलीकडच्या वावरांत जायचं तर एक तर हीच नाव, नाहीतर गाडीने पस्तीस किलोमीटरचा वळसा. दिवसभर कडूबा माणसं, खताच्या पिशव्या, भाजीच्या टोपल्या इकडून तिकडे न्यायचा. रात्री नाव काठाच्या खुंट्याला बांधलेली असायची आणि मागच्या बाजूने, कुठून ते कुणालाच सापडत नव्हतं, हळूहळू पाणी घ्यायची. म्हणून संस्थेने तिच्या बुडात दोन पंप बसवायचं ठरवलं. एक हाताने बटण दाबून चालवायचा, दुसरा पाणी वाढलं की आपोआप चालू होणारा. काम आलं दुसरबीडच्या स्टँडजवळच्या शकील मोटर वायंडिंगकडे, आणि परवा दुपारी नारळ फोडून ते पार पडलंसुद्धा.

"पंप चालूच झाला नाई का?" शकीलने विचारलं.

"चालू? तुमी गेले तवा भुणभुण करतच व्हता. आमाले वाटलं, ऑटो म्हंजे असाच राह्यते. बुडात थेंब नव्हता तरी सांजपर्यंत त्याची भुणभुण. काल बी दिवसभर तेच. मंग मी निघालो तवा दोन बोटं पाणी आलं व्हतं, आन् हा गप. म्हणलं थकला असंन, होईन आपोआप चालू. सकाळी पाहतो त याच्या डोक्यावरून पाणी, तरी हा गपच."

पडद्याआड कौसरने पक्कड खाली ठेवली.

कोरड्यात चालतो आणि पाण्यात गप होतो. त्यापुढचं काही ऐकायची तिला गरज नव्हती. फ्लोट उलटा जोडलेला होता.

फ्लोट म्हणजे तारेच्या टोकाला लटकणारा मुठीएवढा प्लास्टिकचा डबा, पाण्यावर तरंगणारा. त्यातून तीन तारा निघतात, काळी, निळी आणि चॉकलेटी. काळीला निळी जोडली तर टाकी रिकामी असताना मोटर चालते आणि भरली की बंद पडते. काळीला चॉकलेटी जोडली तर नेमकं उलटं, पाणी चढलं की चालू, उतरलं की बंद. ही दुसरी जोडणी या मुलखात कुणी मागत नाही. इथे पाणी कुठून कुठून आणून भरायचं असतं. आलेलं पाणी बाहेर फेकायचं आणि त्यासाठी वर यंत्र लावायचं, असं कुणी म्हणालं तर लोक आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतील. पण नावेला तेच हवं होतं, आणि हे कौसरने काम हातात घेतानाच बोलून दाखवलं होतं. 'इथं चॉकलेटी लागन,' असं ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली होती.

बाहेर शकील बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"माझंच चुकलं असंन, कडूबाभाऊ. तुमी व्हा पुढं. मी आलोच."

कौसरची कानशिलं तापली. तिने सगळं तयार करून दिलं होतं. दोन बटणांचा बोर्ड, त्यातलं एक बटण तीन जागी थांबणारं. वर आपोआप, मध्ये बंद, खाली हाताने. फ्यूज, जोडण्यांचा डबा, मापून कापलेल्या तारा. वाढलेलं ताट नेऊन ठेवावं तसं. शकीलने फक्त स्क्रू आवळायचे होते. तेवढंही न करवून त्याने तिची जोडणी खोलून स्वतःची अक्कल लावली असणार, दुसरं काय. पंधरा वर्षांत ज्याने एक गुंडाळी गुंडाळली नाही त्याला शंकररावांसमोर उस्तादी दाखवायची हौस आली असणार.

ती पडदा सारून बाहेर आली. कडूबाने आवाज खाली घेतला.

"सलाम, भाभी."

"सलाम. मी बी येऊन राह्यली," ती म्हणाली, आणि काउंटरवरचा पंप उचलून दोन बोटांनी त्याचं आतलं चाक फिरवलं. फिरलं. पंप जिवंत होता.

"तू कायले?" शकील म्हणाला. "तिकडं लय चिखल हाये."

"परवा तिकडं सगळे माणसं व्हते. आज चिखल हाये. त्या धरणात पाणी बी असते का कधी?"

कडूबा हसणार होता, पण तिचा चेहरा बघून त्याने खिशातली पुडी शोधायला घेतली.

घरात नवरा-बायकोचं बोलणं हिंदीत चाले. भांडायला मात्र कौसरला मराठीच पुरी पडे. ती भाषा ती लग्नानंतर टँकरच्या रांगेत शिकली होती, आणि ज्या कामासाठी शिकली त्याच कामाला वापरत होती. म्हणून ती मराठीत सुरू झाली की शकील ओळखायचा, आता वाद घालण्यात अर्थ नाही. त्याने मोटरसायकलची किल्ली घेतली.

वाटेत कौसरने हत्यारांची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. शकीलने दोनदा मान अर्धवट मागे वळवून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तिने रस्त्याच्या कडेच्या तुरीकडे पाहिलं.

लग्न होऊन आली तेव्हा ती फक्त फेरे मोजायची. शकील मोटर भरायचा, म्हणजे तिच्या खाचांत नवी तार गुंडाळायचा, आणि ती शेजारी बसून बोलायची, एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. कुणी शिकवलं नाही. मोजता मोजता हात चालायला लागले. पुढे तिची भरलेली मोटर त्याच्या मोटरीपेक्षा जास्त दिवस टिकते हे आधी त्याच्या लक्षात आलं, मग तिच्या, आणि मग कुणी काही न ठरवता तो बाहेर काउंटरवर बसू लागला, ती आत. त्याची जीभ गोड होती. गिऱ्हाईक येऊन म्हणायचे, शकीलभाई, तुमच्या हाताची गोष्टच वेगळी. तो म्हणायचा, अल्लाची मेहेरबानी. पडद्याआड अल्लाची मेहेरबानी दातांनी तारेवरचं वेष्टण सोलत बसलेली असायची.

तिला त्याचं काही वाटत नाही, असं ती स्वतःला सांगत आली होती. मुलींची लग्नं व्हायची होती. दुकान चालायला हवं होतं. बाईच्या हातची मोटर कोण विहिरीत सोडणार. पण परवा तिला मनापासून जायचं होतं. आयुष्यात एवढ्या मोटरी भरल्या, त्या सगळ्या विहिरींत नाहीतर बोअरच्या भोकांत गेल्या, पुन्हा दिसल्या त्या जळूनच. हे एक काम असं होतं की उघड्यावर, पाण्यावर तरंगताना दिसलं असतं. 'तिथं सगळे माणसं हायेत, शंकरराव नारळ फोडणार, तू काय करशीन?' शकील म्हणाला होता. त्या सकाळी तिने सगळी जोडणी दात-ओठ खाऊन केली होती.

आता तिने ठरवलं. सगळ्यांसमोर सांगायचं. जोडणी माझी, मोडणी यांची. मोटरसायकल खड्ड्यांतून उडत होती आणि ती हे वाक्य मनात घोटत होती, कुठेही अडखळू नये म्हणून.

धरणाच्या काठाला खरंच चिखल होता. नाव त्यात अर्ध्यावर ओढून कलती ठेवलेली, इंजिन काढून ताडपत्रीवर निजवलेलं. शंकरराव पांढऱ्या सदऱ्यात, पॅन्ट नडगीपर्यंत दुमडून उभे होते. संस्थेचे अध्यक्ष आणि परवाच्या नारळाचे मानकरी. त्यांच्यापासून चार हातांवर मंजुळाबाई रिकाम्या टोपलीवर बसली होती. तिचं घर अलीकडे आणि वावर पलीकडे. रोज सकाळी पहिल्या फेरीने जाऊन ती भाजी तोडून आणायची.

"या शकीलभाई," शंकरराव म्हणाले. "म्हणलं बाहेरच्या माणसाले काय काम द्यायचं, आपल्याकडं शकीलभाईचा हात हाये. मीच बोललो व्हतो मिटिंगमंधी. आता मिटिंगले कोन्या तोंडानं जाऊ, तेवढं सांगा."

"चुकलं, साहेब," शकील खाली बघून म्हणाला.

"तुमचं चुकलं आन् माझी भेंडी जून झाली," मंजुळाबाई म्हणाली. "एक दिवस नाई तोडली त ढोरं बी तोंड लावत नाई तिले. कवा चालू होईन हे?"

"आज होईन, मावशी."

"परवा बी तुमी आजच म्हणले व्हते."

कौसरने ओढणी कमरेला खोचली, चपला काठावर काढल्या आणि चिखलातून नावेत चढली. मागच्या फळीखाली जोडण्यांचा डबा होता. तिने पिशवीतून पेचकस काढला. तोवर शकील तिच्या मागोमाग आत आला होता. त्याने डब्याच्या झाकणावर हात ठेवला.

"थांब. मी खोलतो. तू पंप बसव."

"हात काढा."

"कौसर."

"हात काढा म्हणलं ना."

काठावरचे तिघे, शंकरराव, मंजुळाबाई आणि आधीच येऊन पोचलेला कडूबा, बघत होते. शकीलने हात काढला. तिने चार स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि आत साचलेलं ओंजळभर पाणी बोटांनी बाहेर सारलं.

जोडणी जशीच्या तशी होती.

तारा पिळल्यावर त्यावर टेप लावायच्या आधी ती वायंडिंगचा सुती दोरा गुंडाळायची आणि शेवटी आतल्या अंगाने एक गाठ मारायची. टेप सुटली तरी जोड सुटू नये म्हणून. ही तिची स्वतःची रीत होती. शकीलला ती गाठ येत नव्हती, त्याने कधी शिकूनही घेतली नव्हती. टेप पाण्याने फुगून सैल झाली होती आणि खाली तो दोरा होता, ती गाठ होती. कुणी हात लावलेला नव्हता. काळीच्या कमरेला निळी पिळलेली. आणि चॉकलेटी तार बाजूला दुमडून, तिच्या टोकाला टेपची टोपी घालून, निगुतीने निजवलेली. ती हजार टाक्यांना करत आली होती तशीच.

तिच्या डोळ्यांसमोर परवाचं दुकानातलं टेबल आलं. फ्लोट टेबलावर आडवा पडलेला होता. तिने बल्ब लावून पाहिला, बल्ब पेटला, आणि तिने फ्लोट उचलून पिशवीत टाकला. आडव्या, कोरड्या फ्लोटवर बल्ब पेटला म्हणजे जोडणी बरोबर. टाकीची. तोंडाने चॉकलेटी म्हटलं होतं आणि हातांनी, रागाच्या भरात, आपल्या सवयीचं काम करून टाकलं होतं.

तिने मान वर केली. शकील पाण्याकडे बघत होता. भुणभुण शब्द ऐकला तेव्हाच त्यालाही कळलं असणार. कितीही वर्षं काउंटरवर बसला तरी धंद्यातला माणूस होता. त्याने स्वतः फक्त स्क्रू आवळले होते हे त्याला ठाऊक होतं. मग उलटं कुणाच्या हातून जोडलं गेलं, हेही. दुकानात तो बराच वेळ गप्प बसला होता तो तेवढ्यासाठी.

राग गेला नाही. फक्त त्याला बसायला जागा उरली नाही, आणि म्हणून तो आणखीच अंगभर हिंडू लागला.

"बंद कर," शकील ओठ न हलवता हिंदीत पुटपुटला. "मैं बोल दिया ना उनको. बंद कर, जोड दे, हो गया."

झाकण तिच्या हातात होतं. ते बंद केलं असतं तर कुणाला काही दिसलं नसतं. त्या तिघांना एक तार दुसरीहून वेगळी कळत नव्हती. तिची चूक तिच्या कामांसारखीच शकीलच्या नावावर गेली असती आणि तिथे तिला कुणी हात लावला नसता. तिने झाकण फळीवर पालथं ठेवलं.

"शंकरराव," ती म्हणाली. "ही जोडणी माझी हाये."

"काय म्हणता, भाभी?"

"जोडणी माझी हाये. यायनं फकस्त स्क्रू आवळले. टाकीले जोडतो तसं जोडलं मी. नावेले उलटं पाहिजे व्हतं. नाव माझ्यानं बुडाली."

दूर पाण्यात एक पाणकोंबडी ओरडली. मग शंकररावांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, लग्नाच्या पंगतीत पसरतं तसं मऊ, प्रेमळ.

"पाहा शकीलभाई. नशीब लागते असल्या बायकोले. माणूस चुकते आन् बाई अंगावर घेते."

"मी खरं बोलून राह्यली."

"हो, हो. मी कुठं नाई म्हणलं."

"माझ्या घरी असतं त मी त्याले पाण्यात ढकललं असतं," मंजुळाबाई म्हणाली. "अंगावर कायले घ्याचं. तूच लय साधी हायेस, बाई."

"दुकानातलं सगळं काम मी करते," कौसर म्हणाली. तिचा आवाज तिच्या मनाविरुद्ध चढला. "मोटरी मी भरते. पंधरा वर्सं झाले."

"बराबर हाये, भाभी," शंकरराव समजुतीने म्हणाले. "घरच्या माणसाचा हातभार असतेच. आमच्या घरी बी पूर्ण हिशेब आमची मंडळीच ठेवते. तुमी नका मनाले लावून घेऊ. शकीलभाई काही परके नाईत, झालं ते झालं."

कौसर त्यांच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिने काम करून दिलं तेव्हा यांनी ते तिचं म्हणून घेतलं नव्हतं. आज तिने चूक दिली, तर तीही घ्यायला कुणी तयार नव्हतं. तिला एक क्षण वाटलं, पेचकस पाण्यात फेकावा आणि चालत दुसरबीडला जावं, चिखलाच्या पायांनी, भर रस्त्याने. पेचकस चांगल्या लोखंडाचा होता. तिने तो फेकला नाही.

"तुमच्या गाडीची बॅटरी काढा," ती शंकररावांना म्हणाली.

"माझ्या गाडीची?"

"नावेची बॅटरी रातभर पाण्याखाली व्हती. तिच्यावर काय चालवू? काढा म्हणलं ना."

शंकररावांनी शकीलकडे पाहिलं. शकील उतरून आधीच गाडीकडे निघाला होता. त्यांना मागोमाग जावं लागलं.

कौसर खाली बसली. तिने कटरने जुना जोड दोऱ्यासकट कापला आणि चिखलात भिरकावला. निळीचं तोंड सोललं होतं तिथे टेपची टोपी चढवली, चॉकलेटीची टोपी काढली. फडक्याने डबा आतून कोरडा केला. काळी आणि चॉकलेटी समोरासमोर धरून पिळली, पीळ हिसका देऊन पाहिला, दातात दोरा धरून गुंडाळला, आतल्या अंगाने गाठ मारली, वर टेप. तिचे हात इतके जोरात चालत होते की बघणाऱ्याला वाटावं, ती कुणाचा तरी गळा आवळते आहे. पंप बुडात बसवला. बोर्डाची दोन बटणं खोलून त्यांच्या पोटातलं पाणी काढलं, फ्यूज बदलला.

कडूबा एवढा वेळ नावेच्या कडेला वाकून तिचे हात बघत होता. जन्मभर जाळी विणून आणि फाटलेली जाळी सांधून त्याच्या बोटांची पेरं जाड झाली होती. माणसांच्या चेहऱ्यांत तो गफलत करायचा, गाठींत नाही. त्याने चिखलात पाय घालून तो कापलेला तुकडा उचलला, पाण्यात खळबळून धुतला आणि टेप सोलून काढली. मग दोऱ्याची गाठ अंगठ्याखाली फिरवून पाहिली. एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. डब्यातल्या नव्या जोडावर अजून टेपचा शेवटचा वेढा बसायचा होता. त्याने तिथेही वाकून पाहिलं. तुकडा त्याने फेकला नाही.

बॅटरी आली. शकीलने ती जोडून दिली आणि बाजूला झाला.

कौसरने बटण वर केलं. काही झालं नाही.

"गेला," मंजुळाबाई म्हणाली.

"गेला नाई. पाणी नाई म्हणून गप हाये. असाच गप राह्यला पाहिजे." कौसरने फ्लोट हाताने उचलला. पंप भुणभुणला. सोडला, पंप थांबला. "आता पाणी ओता. बादली नाई, चार बादल्या."

कडूबाने धरणातलं पाणी बादलीने नावेत ओतायला सुरुवात केली. जे पाणी सकाळभर चार माणसांनी उपसून काढलं होतं तेच तो पुन्हा भरत होता, आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. पहिली बादली, दुसरी. बुडात पाणी चढलं, फ्लोट हळूच तिरका झाला, तरंगला. पंप सुरू झाला. नावेच्या कुशीतल्या पाइपातून मनगटाएवढी धार बाहेर पडली आणि शंकररावांच्या दुमडलेल्या पॅन्टीवर गेली. ते मागे सरले. पाणी उतरलं, फ्लोट आडवा झाला, पंप गप.

"अजून," कौसर म्हणाली.

तिने ते तीनदा करून घेतलं. तिसऱ्या खेपेला सगळे पाणी चढण्याची आणि धार पडण्याची वाट बघत होते. मग तिने बटण खाली करून तोच पंप हाताने चालवून दाखवला, शेवटी दुसरा पंप. आणि बटण मध्ये आणून ठेवलं.

"वा," शंकरराव म्हणाले. ते शकीलकडे वळले. "आता कसं. रातभर चालन ना, शकीलभाई? ग्यारंटी द्या बरं आमाले."

शकील ग्यारंटी श्वास घ्यावा तशी द्यायचा. दुकानात आलेला माणूस प्रश्न पुरा करायच्या आत ती त्याच्या हातात पडलेली असायची. आताही त्याचं तोंड उघडलं. मग त्याने ते मिटलं. त्याने कौसरकडे पाहिलं नाही, शंकररावांकडेही नाही. हाताला लागलेला ग्रीस तो बोटाबोटाने फडक्याला पुसत राहिला. एवढी साधी गोष्ट सांगायला त्याला वेळ लागत होता आणि सगळे थांबले होते.

"त्यायले काय इचारता," कडूबा म्हणाला.

तो नावेच्या मागच्या टोकाशी उभा होता. दोऱ्याचा तो तुकडा अजून त्याच्या मुठीत होता.

"तुमी सांगा, भाभी. चालन का रातभर?"

कौसर फळीवर बसून हत्यारं पुसत होती. तिने कडूबाकडे पाहिलं, त्याच्या मुठीकडे पाहिलं. तिचा चेहरा सैल झाला नाही.

"बॅटरी हाये तोवर चालन," ती म्हणाली. "मंग नाई चालणार. पंप हाये तो, देव नाई. नाव गळते ते सोडून तुमी तिच्या पोटात यंत्रं घालून राह्यले. दोन घाला का दहा घाला, एक दिवस पुन्हा बुडन. मी आज जोडून देल्लं, पण ग्यारंटी देणार नाई. आधी भोक पाहा."

"पायलं ना. सापडतच नाई."

"आतून पायलं असंन. आतून कसं दिसन? बॅटरी उतरवा, नाव कुशीवर करा. मी आतून पाणी मारते, बाहेर कुठून पाझरते ते तुमी पाहा."

"आता? आत्ताच?" शंकरराव म्हणाले. "आज एक फेरी होऊन जाऊ द्या, मंग उद्या..."

"भेंडी त जून झालीच हाये," मंजुळाबाई टोपलीवरून उठत म्हणाली. "करा तिकडून कुशीवर. मी बी धरते."

शंकररावांनी पुन्हा शकीलकडे पाहिलं. शकील नावेत वाकून बॅटरीचे नट ढिले करत होता. त्याने पाना फिरवता फिरवता फक्त मान हलवली, कुणाला हो म्हणतो आहे ते कळू न देता. कडूबाने दोऱ्याचा तुकडा कानावर, जिथे एरवी बिडी असायची तिथे, खोचला आणि नावेला खांदा लावला. मंजुळाबाई दुसऱ्या बाजूला गेली. थोडा वेळ उभं राहून शंकररावांनी खिशातला फोन काढून ताडपत्रीवर ठेवला, बाह्या कोपरापर्यंत चढवल्या आणि नावेच्या पुढच्या टोकाला जाऊन हात लावला.

"तिथून नाई," कौसर म्हणाली. "मागून धरा."